पुढे काय झालं?

कुठल्याही चार माणसांत बसलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं. "बातम्या बघवत नाहीत हो आता. कोणाचं लग्न, कोणाचा घटस्फोट, कोण एअरपोर्टवर काय घालून आली... बस्स!" असं म्हणणारा माणूस शहाणा ठरतो, बाकीचे माना डोलावतात, आणि पाच मिनिटांत गप्पा नेमक्या त्याच लग्नावर येतात. :-)

मला या वाक्याचा आता कंटाळा आलाय. एक तर ते खोटं आहे, कारण बघवत नाही म्हणणारेच सगळ्यात जास्त बघतात. आणि दुसरं म्हणजे त्यात नटनट्यांच्या बातम्यांवर सगळं खापर फुटतं आणि खरा प्रश्न तसाच बाजूला राहतो. तो प्रश्न काय, ते सांगते. पण आधी थोडं गॉसिपच्या बाजूने बोलू द्या.

माझं लहानपण घाटकोपरच्या चाळीतलं. आमच्या मजल्यावर 'चंदेरी', 'जी', 'रसरंग' असले अंक यायचे आणि चार घरांत फिरून कव्हर निघालेल्या अवस्थेत आमच्याकडे पोचायचे. दुपारी भांडी आवरली की आई आणि शेजारच्या काकू गॅलरीत निवडण-टिपण करत त्यावर बोलत बसायच्या. वरवर बघता विषय नट्यांचा. पण १३ डिसेंबर १९८६ ला स्मिता पाटील गेली त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात. बाळाला जेमतेम दोन आठवडे झालेले, वय अवघं एकतीस. आमच्या गॅलरीत त्या आठवड्यात काय काय निघालं! कोणाची बहीण बाळंतपणात गेली होती, कोणाला ताप आला तरी सासूने डॉक्टर बोलावला नव्हता, कोणी तीन दिवस अंगावर काढलं होतं. एरवी हे कोण कोणापुढे बोलणार होतं? बाळंतिणीचा ताप अंगावर काढायचा नाही, लगेच डॉक्टर गाठायचा, हे त्या गॅलरीतल्या सगळ्या बायकांनी तेव्हा पक्कं ठरवलं. पुढे माझ्या बाळंतपणात आई दर चार तासांनी माझ्या कपाळाला हात लावून बघायची. त्याचं मूळ तिथे होतं.

तेव्हा प्रसिद्ध माणसांच्या आयुष्यात डोकावणं म्हणजे निव्वळ चहाटळपणा, असं मी मानत नाही. आपल्या घरातलं जे उघड बोलता येत नाही, ते आपण त्यांच्या नावावर बोलून घेतो. माणसाला माणसाची उत्सुकता असते आणि ती असायलाच हवी.

माझी तक्रार वेगळी आहे. ही उत्सुकता आपण फार थोड्या माणसांवर खर्च करतो.

एक उदाहरण देते. २०१६ साली 'सैराट' आला आणि अकलूजच्या रिंकू राजगुरूला रस्त्याने चालणं मुश्कील झालं. शाळेत जाणं अवघड झालं, शेवटी तिने दहावीची परीक्षा बाहेरून दिली. २०१७ च्या जूनमध्ये निकाल लागला आणि मराठी चॅनलांवर पट्टी फिरायला लागली. आर्चीला ६६.४० टक्के! दोन दशांश स्थळांपर्यंत!! पोरगी गुणी आहे, तिच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, उलट एवढ्या गोंधळात तिने अभ्यास केला याचं कौतुकच वाटलं.

पण त्याच वर्षी मुंबईत आणखी काही मुलांची शाळा सुटत होती. त्यांचे मार्क सोडाच, ती एकूण किती होती हेसुद्धा कुठल्या पट्टीवर आलं नाही. ती मुलं माहुलची.

बाहेरगावच्या नातेवाइकांसाठी थोडं सांगते. माहुल म्हणजे चेंबूरच्या पलीकडे, खाडीला लागून असलेलं जुनं गाव. कोळ्यांची, आगऱ्यांची वस्ती. त्याच्या आजूबाजूला काय आहे बघा. बीपीसीएल आणि एचपीसीएलच्या रिफायनऱ्या, आरसीएफचा खतकारखाना, टाटाचं वीजकेंद्र. माहुल आणि शेजारचं आंबापाडा इथल्या लोकांची केईएमने केलेली पाहणी २०१३ सालची आहे. त्यात ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागते असं सांगितलं होतं. गावकरी हरित लवादाकडे गेले. डिसेंबर २०१५ मध्ये लवादानेही मान्य केलं की इथल्या हवेमुळे लोकांच्या तब्येतीला धोका आहे.

आता पुढचं नीट वाचा. याच माहुलमध्ये प्रकल्पग्रस्तांसाठी ७२ इमारतींची एक वसाहत उभी आहे. तानसाच्या जलवाहिनीला लागून विद्याविहार, घाटकोपर वगैरे भागांत ज्या झोपड्या होत्या, त्या हायकोर्टाच्या आदेशावरून हटवल्या गेल्या. त्या माणसांना २०१७ मध्ये महापालिकेने कुठे पाठवलं? माहुलच्या या ७२ इमारतींत. म्हणजे हवा वाईट आहे असं लवादाने सांगून झाल्यावर त्याच हवेत आणखी हजारो माणसं नेऊन सोडली. अशी सुमारे साडेपाच हजार कुटुंबं तिथे गेल्याचं तेव्हाच्या बातम्यांत आहे. कामं राहिली घाटकोपरला, शाळा राहिल्या घाटकोपरला, आणि घर आलं रिफायनरीच्या भिंतीशी. बसला रोज पैसे घालायचे तर कोणाचे घालायचे, बापाच्या कामाचे की पोरीच्या शाळेचे? मुलांच्या शाळा सुटल्या त्या अशा.

या लोकांच्या बातम्या आल्याच नाहीत असं मी म्हणणार नाही. आल्या. काही पत्रकारांनी फार चांगल्या केल्या. २०१८ च्या ऑक्टोबरात माहुलची माणसं विद्याविहारला फुटपाथवर येऊन बसली. जीवन बचाओ आंदोलन असं त्याचं नाव. तेव्हा फोटो आले. अंगावरचे चट्टे दाखवणारे हात, औषधांच्या पिशव्या, खोकणाऱ्या म्हाताऱ्या. आपण बघितलं, "अरेरे" म्हटलं, पान उलटलं.

मला वाटतं गोम इथेच आहे. जागा किती मिळाली यापेक्षा बातमी कशी सांगितली गेली, ते बघा. नटाची बातमी म्हणजे मालिका. साखरपुडा, लग्न, पहिली दिवाळी, डोहाळे, बारसं, बाळाचं तोंड दाखवलं, बाळ शाळेत गेलं. काल काय झालं ते आपल्याला पाठ असतं, म्हणून उद्या काय होईल याची उत्सुकता असते. साध्या माणसाची बातमी मात्र एकाच भागाची. त्यात तो एकदाच येतो, रडतो, आणि जातो. पुढे त्याचं काय झालं हे कोणी सांगत नाही, आणि आपण विचारतही नाही.

जुलै २०२१ चंच घ्या. १८ जुलैच्या मध्यरात्रीनंतर तुफान पावसात माहुलच्या भारतनगरमध्ये टेकडीच्या पायथ्याच्या घरांवर भिंत कोसळली. हे भारतनगर वेगळं, त्या ७२ इमारतींतलं नाही. वाशी नाक्याजवळची ही झोपडवस्ती. त्या एका रात्री चेंबूर, विक्रोळी धरून मुंबईत तीसेक माणसं गेली, आणि त्यांतली निम्म्याहून जास्त भारतनगरची. रविवारभर टीव्हीवर तेच होतं. राज्य सरकारचे पाच लाख, पंतप्रधान निधीतले दोन लाख, नेत्यांच्या भेटी. सोमवारी रात्री, म्हणजे १९ जुलैला, राज कुंद्राला मुंबई पोलिसांनी अटक केली. मंगळवारी सकाळी टीव्ही लावला तर भारतनगर गायब!

त्या प्रकरणातलं खरंखोटं कोर्ट बघेल, तो आजचा विषय नाही. पण नवरा कोठडीत, शिल्पा शेट्टी कुठल्या कार्यक्रमाच्या शूटिंगला आली नाही, मग कधी आली, येताना कशी दिसत होती, त्याला जामीन सप्टेंबरमध्ये मिळाला, हे सगळं महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात तेव्हा तोंडपाठ होतं. भारतनगरमधली वाचलेली माणसं त्या सप्टेंबरात कुठे राहत होती, हे कोणाला सांगता आलं असतं?

एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. त्याच आठवड्यात, २२ जुलैला, महाडजवळच्या तळीयेवर दरड कोसळली आणि चिपळूण पाण्यात गेलं. तिकडे लक्ष जाणं बरोबरच होतं. पण तळीयेचं तरी पुढे काय झालं, ते आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? दरडीची बातमी दरडीने पुसली जाते. नटाची बातमी कशानेच पुसली जात नाही, ती दुसऱ्या दिवशी परत येते.

आता साधी माणसं बातमीत येतात कशी, तेही बघा. त्यांच्यासाठी आपल्याकडे दोनच साचे आहेत. एक हालांचा आणि दुसरा जिद्दीचा. हालांचा साचा पावसाळ्यात चालतो आणि जिद्दीचा दहावी-बारावीच्या निकालात. रिक्षावाल्याची मुलगी, धुणीभांडी करणाऱ्या बाईचा मुलगा, रस्त्याच्या दिव्याखाली अभ्यास, नव्वद टक्के. मला त्या मुलांचं खरंच कौतुक आहे. पण पंचावन्न टक्के मिळालेल्या रिक्षावाल्याच्या मुलीचं काय? तिला बातमीत जागा नाही, कारण ती पुरेशी रडत नाही आणि पुरेशी चमकतही नाही. माहुलची माणसं नेमकी या दोन साच्यांच्या मधे अडकली. एका रात्रीत मेली असती तर बातमी झाली असती. पण ती रोज थोडी थोडी खोकत होती. खोकल्याची ब्रेकिंग न्यूज कशी करणार?

आणि क्वचित एखाद्या साध्या माणसाला लॉटरी लागली तर? राणू मंडल आठवते? २०१९ मध्ये बंगालमधल्या राणाघाट स्टेशनवर गाणाऱ्या या बाईचा व्हिडिओ फिरला, हिमेश रेशमियाने तिला सिनेमात गायला नेलं, देशभर "बघा, देव आहे" असं झालं. दोन-तीन महिन्यांत त्याच लोकांनी तिच्या मेकअपची टर उडवली, ती चाहतीला कशी फटकून वागली त्याचे व्हिडिओ फिरवले. म्हणजे साध्या माणसाने आपल्याला हवं तेवढंच आणि हवं तेव्हाच गोड वाटायचं. जरा स्वतःच्या मनासारखा वागला की उतर खाली. खऱ्याखुऱ्या स्टारला आपण असं उतरवत नाही. त्याचा राग, माज, नखरे, सगळे पुढच्या भागाला उपयोगी पडतात.

त्याच २०१९ मध्ये माहुलची माणसं एक मोठी केस जिंकली, हे किती जणांना आठवतं? मुंबई हायकोर्टाने सांगितलं की कोणालाही माहुलला जबरदस्तीने पाठवता येणार नाही, आणि जे गेले आहेत त्यांना दुसरीकडे घर भाड्याने घेण्यासाठी महिन्याला १५ हजार रुपये द्या. फुटपाथवर पावसाळा काढलेल्या माणसांनी कोर्टात मिळवलेला हा निकाल! यात काय नव्हतं? खलनायक होता, चढउतार होते, बायका पुढे होत्या, शेवट गोड होता. तरी आमच्या कुठल्या फॅमिली ग्रुपवर तो आला नाही. कारण मधले भाग कोणी बघितलेच नव्हते. मधलं काही न बघता शेवटच्या भागाला टाळ्या कोण वाजवणार?

प्रसिद्धीची तरी काय शाश्वती म्हणा. माहुलहून थोड्याच अंतरावर चेंबूरचा युनियन पार्क आहे. तिथे नलिनी जयवंत राहायची. 'समाधी', 'संग्राम', 'काला पानी' अशा चित्रपटांतली नलिनी, जिच्यासाठी आमच्या आजोबांची पिढी थिएटराबाहेर रांगा लावायची. डिसेंबर २०१० मध्ये ती त्या बंगल्यात एकटी असताना गेली आणि जवळजवळ तीन दिवस कोणाला पत्ता नव्हता, असं तेव्हा पेपरांत आलं होतं. म्हणजे पुढचा भाग विचारणारे आपण थांबलो की नटी काय आणि भारतनगरची बाई काय, दोघींची अवस्था सारखीच. फरक माणसांत नव्हताच. तो आपल्या बघण्यात होता.

तसे माहुलमध्येही सेलिब्रिटी आहेत बरं का. फ्लेमिंगो! शिवडी-माहुलच्या चिखलात दर हिवाळ्यात हजारोंनी येतात. ते आले की पेपरात फोटो, उशिरा आले तर काळजीची बातमी, गेले तरी बातमी. मे २०२४ मध्ये घाटकोपरला विमानाची धडक बसून एकोणचाळीस फ्लेमिंगो मेले तेव्हा आकडा रोज मोजला गेला, त्यांच्या वाटा कोणी बदलल्या यावर लेख आले. हे योग्यच झालं. मी पक्ष्यांवर जळत नाही. उलट मला त्यातून धीर येतो. ज्यांचं नावगाव नाही, ज्यांना मुलाखत देता येत नाही, अशा जिवांचीही बातमी वर्षानुवर्षं चिकाटीने करता येते, आणि लोक ती आवडीने वाचतात, हे यावरून सिद्धच झालं की. शिवडीच्या धक्क्यावरून फोटो काढताना मागच्या चिमण्या फ्रेममधून कापल्या नाहीत तर पक्ष्यांच्या मागे माहुलही दिसेल.

"लोकांना तेच बघायचं असतं" हे चॅनलवाल्यांचं ठेवणीतलं उत्तर. मला ते अर्धंच पटतं. लोकांना गोष्ट बघायची असते आणि गोष्टीतली माणसं ओळखीची हवी असतात. दहा दहा वर्षं एकाच सासू-सुनेची मालिका बघणारे आपण. आपल्याला धीर नाही असं कोण म्हणेल? ओळख करून दिली तर आपण माहुलच्या एखाद्या घराचीही वाट बघू. फक्त ती ओळख चट्ट्यांच्या फोटोने होत नाही. नट्यांबद्दल आपण जे विचारतो तेच यांच्याबद्दल विचारायला हवं. नवीन घरात देव्हारा कुठल्या भिंतीला लावलात? सकाळी किती वाजता निघता? मुलगा आता कोणत्या शाळेत? गणपतीला जुन्या गल्लीत जाता का? कीव करायला एक मिनिट पुरतं, पण चौकशी करायला पुन्हा पुन्हा जावं लागतं.

आणि पुढचे भाग आहेत हो! शोधले तर सापडतात. माहुलचाच एक भाग सांगते. लोक जायला तयार नसल्यामुळे त्या वसाहतीतली हजारो घरं रिकामी पडली. २०२५ मध्ये महापालिकेने ती आपल्याच कर्मचाऱ्यांना विकायला काढली. सव्वादोनशे चौरस फुटांचं घर, १२ लाख ६० हजार रुपयांत. मुंबईत! जिथे एवढ्यात गाडी लावायची जागा मिळाली तरी नशीब, तिथे घर! आणि तरी घेणारे मिळेनात, अर्जांची मुदत वाढवावी लागली. २०१७ मध्ये फुकटात घर मिळालं तरी कुरकुर करतात म्हणून ज्या झोपडीवाल्यांना नावं ठेवली गेली, त्यांचं म्हणणं काय होतं ते आठ वर्षांनी पगारदार माणसांनीही न बोलता सांगून टाकलं. इतका बोलका भाग कुठल्या मालिकेत बघितलाय? पण मागचं माहीत असेल तरच तो बोलका. नाहीतर आतल्या पानावरची, घरांच्या किमतीची एक चौकट.

म्हणून आता ते वाक्य पुन्हा ऐकलं, की बातम्या बघवत नाहीत, तर मी म्हणणार आहे, खुशाल बघा. कोणाचं लग्न झालं तेही बघा, लेहेंग्याचा रंगही बघा. फक्त तीच सवय जरा लांबवा. "पुढे काय झालं?" हा प्रश्न आपल्याला उत्तम विचारता येतो, वर्षानुवर्षांचा सराव आहे. तो आणखी चार दारांवर जाऊन विचारायचा, एवढंच.

तर मंडळी, एक खेळ. तुमच्या गावातली, तुमच्या उपनगरातली, साध्या माणसाची एक जुनी बातमी आठवा. पाच वर्षांपूर्वीची, दहा वर्षांपूर्वीची, कुठलीही. पूर, आग, पाडलेली वस्ती, बंद पडलेली गिरणी, बोर्डात आलेली मुलगी. तिचं पुढे काय झालं ते शोधा, जमलं तर जाऊन विचारा, आणि पुढचा भाग तुमच्या ब्लॉगवर लिहा. त्या माणसाची इच्छा नसेल तर नाव घालू नका, पण भाग लिहा. ज्यांचा ब्लॉग नाही त्या मावश्या, आत्या, काकांनी खाली प्रतिक्रियेत लिहिलं तरी चालेल.

माझ्याकडून खो. बघू कोण पहिलं उठतंय.